दुर्बिणीतूनही तारा ठिपकाच दिसतो, मग पैसे वाया गेले का?

पत्र असं आहे:

सप्रेम नमस्कार. मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो, आता निवृत्त होऊन साताऱ्यात असतो. आकाशाचं वेड लहानपणापासूनचं, पण ड्यूटीच्या पाळ्यांत ते राहूनच गेलं. यंदा दिवाळीत मनाचा हिय्या करून सहा इंची परावर्ती दुर्बीण घेतली. चंद्रावरचे खड्डे बघून नातू नाचला. शनीची कडी दिसली तेव्हा शेजारपाजारचेही गच्चीवर गोळा झाले. मग ताऱ्यांकडे वळलो. व्याध, रोहिणी, काक्षी, राजन्य, सगळे पाहिले आणि सगळे ठिपकेच! नुसत्या डोळ्यांनी ठिपका, दुर्बिणीतूनही ठिपका, फक्त जास्त चकचकीत. दुकानदार म्हणतो, पाचशे पट मोठं दाखवणारी नेत्रिका (डोळ्याकडचं भिंग) घ्या. सौ. म्हणते, एवढ्या पैशांत गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं असतं. दुर्बिणीत काही दोष आहे का? विकून मोठी घ्यावी का? दुसरं असं की पुस्तकात व्याधापुढे ‘प्रत उणे १.४६, वर्ग ए१’ असं छापलंय. ठिपक्यावरून हे काढतात कसं? नातू विचारतो, “आजोबा, हा तारा केवढा?” आणि मी गप्प. जाता जाता आणखी एक. विजयदुर्गावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवून आम्हाला सांगितलं की हेलियमचा शोध इथे लागला. खरं का?
एक वाचक, सातारा

नमस्कार.

दुर्बीण विकू नका आणि ती पाचशे पटीची नेत्रिका तर मुळीच घेऊ नका. शनीची कडी सुटी दिसली म्हणजे आरसे जागेवर आहेत आणि तुमचा हातही बसलेला आहे. तारा ठिपका दिसतो हा दोष नव्हे. तो बारीक, टोकदार ठिपका न दिसता पसरट दिसला असता, तर मी म्हटलं असतं की आरसे तपासून घ्या.

मृगातल्या काक्षीचंच (बीटलज्यूस) घ्या. पृथ्वीवरून ज्यांची तबकडी त्यातल्या त्यात मोठी दिसायला हवी अशा मोजक्या ताऱ्यांत तो येतो. ‘मोठी’ म्हणजे किती? पुण्यात कुणीतरी रुपयाचं नाणं चिमटीत धरून उभं आहे आणि तुम्हाला ते साताऱ्याच्या गच्चीवरून गोल दिसायला हवंय, इतकी. एका अंशाचे ३६०० भाग केले की एक विकला होते. काक्षीची तबकडी त्या विकलेच्याही विसाव्या भागाएवढी. तुमची सहा इंची दुर्बीण हवा अगदी उत्तम असेल तेव्हा पाऊण विकलेपर्यंतचे बारकावे सुटे करते. शनीची तबकडी अठरा विकलांच्या घरात असते, म्हणून तो तुम्हाला दिसला. काक्षीसाठी तुमची दुर्बीण पंधरा पट तोकडी आहे, आणि व्याध तर काक्षीच्याही आठवा भाग. पाचशे पटीची नेत्रिका लावून तो ठिपका नुसता फुगेल, फिकट होईल आणि पाण्यातल्या दिव्यासारखा हलत राहील. सहा इंचीला तीनशे पट ही वरची हद्द समजा. आपल्या हवेत बहुतेक रात्री दीडशे-दोनशेलाच चित्र थारा धरतं.

मोठी दुर्बीण घेऊनही हा प्रश्न सुटत नाही. १९२०च्या डिसेंबरात अमेरिकेत माउंट विल्सनवर, तेव्हाच्या जगातल्या सर्वांत मोठ्या, शंभर इंची दुर्बिणीच्या तोंडावर वीस फुटी तुळई बसवून मायकेलसन आणि पीझ या शास्त्रज्ञांनी काक्षीचा कोनीय व्यास मोजला. त्यांनीही तबकडी डोळ्यांनी पाहिली नाही. प्रकाशलहरी एकमेकींवर पडून ज्या पट्ट्या उमटतात, त्या कधी पुसल्या जातात यावरून त्यांनी हिशेब केला. तेव्हा तुमची निराशा अगदी मानाच्या पंगतीतली आहे.

सहस्रावधी वर्षं माणसाला ताऱ्याचा ठिपकाच मिळाला. त्यातून त्याने दोनच गोष्टी विचारल्या: प्रकाश किती आहे, आणि कसला आहे? तुमच्या पुस्तकातले ते दोन आकडे म्हणजे याच दोन प्रश्नांची उत्तरं. प्रत म्हणजे ‘किती’. ए१ म्हणजे ‘कसला’.

आधी प्रत. आपण पहिल्या प्रतीचा गूळ म्हणतो, त्याच अर्थाने घ्या. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात ग्रीक ज्योतिर्विद हिप्पार्कसने ताऱ्यांची यादी केली. पुढे टॉलेमीच्या ग्रंथात हजाराहून अधिक तारे सहा प्रतींत लावलेले सापडतात. सर्वांत ठळक ते पहिल्या प्रतीचे, डोळे ताणून जेमतेम दिसणारे ते सहाव्या. म्हणूनच आकडा जितका मोठा तितका तारा मंद. हे उलटं वाटतं खरं, पण गुळाच्या व्यापाऱ्याला विचारा, त्याला काही उलटं वाटणार नाही.

ही डोळ्यांनी ठरवलेली श्रेणी १८५६ साली नॉर्मन पॉगसन या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने गणितात बसवली. पहिल्या प्रतीचा तारा सहाव्या प्रतीच्या ताऱ्याहून शंभरेक पट तेजस्वी असतो असं मोजमापांवरून दिसत होतं. त्याने म्हटलं, ‘सुमारे’ कशाला, बरोबर शंभरच धरू. पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभर पट, तर एका प्रतीचा फरक म्हणजे २.५१२ पट. हा पॉगसन १८६१ साली मद्रासच्या वेधशाळेत आला आणि १८९१ साली मरेपर्यंत तिथेच राहिला. आल्या वर्षीच त्याने तिथून एक लघुग्रह शोधला आणि त्याचं नाव ‘एशिया’ ठेवलं. जगभरचे खगोलशास्त्रज्ञ ज्या मापाने तारे मोजतात, ते देणाऱ्या माणसाने अर्धं आयुष्य मद्रासच्या घामात काढलं, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. सांगायला हवं.

श्रेणी नेमकी झाल्यावर काही तारे पहिल्या प्रतीच्याही वर निघाले. अभिजित जवळजवळ शून्यावर आला. अगस्ती उणे ०.७, व्याध उणे १.४६. त्याच मापाने पौर्णिमेचा चंद्र उणे १२.७ आणि सूर्य उणे २६.७. उणे चिन्ह म्हणजे काही गूढ नाही, मोजपट्टी शून्याच्या पलीकडे वाढवली इतकंच.

आता तुमच्या दुर्बिणीची किंमत याच मापाने काढू. अंधारात आपली बाहुली सहा मिलिमीटरच्या आसपास उघडते. तुमचा आरसा दीडशे मिलिमीटरचा. व्यास पंचवीस पट, म्हणजे क्षेत्रफळ ६२५ पट. शंभर पटीला पाच प्रती, उरलेल्या सव्वासहा पटीला जवळपास दोन. एकूण सात प्रती. कासच्या बाजूला, खऱ्या अंधारात, डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंत दिसत असेल तर दुर्बिणीतून तेराव्या प्रतीपर्यंत दिसेल. तुम्ही मोठं दाखवणारं यंत्र समजून जे घेतलंत, ते खरं तर प्रकाश गोळा करणारं घमेलं आहे. वहिनींना हे वाक्य ऐकवू नका, गच्चीवर घमेलं म्हटलं की पुन्हा वॉटरप्रूफिंगचा विषय निघेल.

पण ही झाली दृश्य प्रत, म्हणजे तारा इथून कसा दिसतो ते. रात्री यवतेश्वरच्या घाटात समोरच्या वळणावर एकच दिवा दिसतो. जवळ आलेली मोटारसायकल आहे, की एक दिवा गेलेला लांबचा ट्रक? नुसत्या उजेडावरून सांगता येत नाही. व्याध आणि राजन्य यांचं नेमकं हेच आहे. आकाशात व्याध राजन्याच्या चौपटीहून थोडा अधिक तेजस्वी दिसतो. व्याध ८.६ प्रकाशवर्षांवर आहे, राजन्य सुमारे ८६० प्रकाशवर्षांवर, म्हणजे शंभर पट लांब. अंतर शंभर पट झालं की पोचणारा प्रकाश दहा हजारावा भाग उरतो. तरीही राजन्य चौपट-सव्वाचौपटच कमी दिसतो, तेव्हा तो मुळात व्याधाच्या दोन हजार पटींहून अधिक तेजस्वी असणार. हा अन्याय दूर करायला सगळे तारे ३२.६ प्रकाशवर्षांवर आणून ठेवले तर कसे दिसतील, तो आकडा काढतात. त्याला निरपेक्ष प्रत म्हणतात. त्या अंतरावर आपला सूर्य ४.८ प्रतीचा होतो. शहरातल्या उजेडात तो शोधूनही सापडणार नाही.

मात्र निरपेक्ष प्रत काढायला अंतर माहीत हवं, आणि दूरच्या ताऱ्यांचं अंतर मोजणं फार कठीण. म्हणजे ट्रक की मोटारसायकल हा प्रश्न तसाच राहिला. तो सुटला दुसऱ्या आकड्याने.

वहिनींच्या स्वयंपाकघरात जा. गॅसवर डाळ किंवा मिठाचं पाणी उतू गेलं की निळी ज्योत क्षणभर पिवळी होते. तो पिवळा मिठातल्या सोडियमचा. जर्मनीत हायडेलबर्गला बुन्सेन आणि किर्चहॉफ यांनी १८५९ साली दाखवलं की प्रत्येक मूलद्रव्य तापलं की आपल्या ठरलेल्या रंगांच्या रेषाच देतं. त्याआधी १८१४ साली बव्हेरियातल्या फ्राउनहोफर नावाच्या काचकारागिराने सूर्यप्रकाश लोलकातून पसरवला, तेव्हा सप्तरंगी पट्ट्यात त्याला पाचशेहून अधिक काळ्या रेषा दिसल्या होत्या. त्यांतली एक ठसठशीत जोडी बरोबर सोडियमच्या पिवळ्याच्या जागी. किर्चहॉफने कोडं सोडवलं: सूर्याच्या आतला तापलेला भाग सलग सगळे रंग पाठवतो, वरच्या त्यामानाने थंड वायूतलं सोडियम आपला पिवळा तेवढा मधेच खाऊन टाकतं, आणि त्या जागी काळी रेघ उरते. ठिपक्याचा प्रकाश असा पसरवला की मिळतो तो वर्णपट. ठिपका वाचता येत नाही, पट्टा वाचता येतो.

विजयदुर्गाचं इथेच सांगून टाकते, कारण तेही एका पिवळ्या रेषेचंच प्रकरण आहे. १८ ऑगस्ट १८६८चं खग्रास सूर्यग्रहण भारतातून दिसलं. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन तेव्हा गुंटूरला होता, आपला पॉगसन मछलीपट्टणला. सूर्याच्या कडेच्या ज्वालांच्या वर्णपटात एक पिवळी रेषा दिसली, सोडियमच्या अगदी शेजारी, पण सोडियमची नव्हे. ओट्यांचा ‘साहेब’ म्हणजे इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर. तो त्या वेळी इंग्लंडात होता, विजयदुर्गावर नव्हता. त्याने त्याच वर्षी २० ऑक्टोबरला, ग्रहण नसतानाच, इंग्लंडातून त्या ज्वालांचा वर्णपट घेतला. ती पिवळी रेषा पृथ्वीवर न सापडलेल्या मूलद्रव्याची असं त्याने मांडलं आणि नाव आलं हेलियम. पृथ्वीवर ते हाती लागायला १८९५ साल उजाडलं. लॉकियर विजयदुर्गावर आला हे मात्र खरं, पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८च्या खग्रास ग्रहणासाठी. ते ओटे त्या मुक्कामाचे धरले तर सगळं जुळतं. आपल्याकडे दोन ग्रहणांची एक गोष्ट झाली आहे. त्याच १८९८च्या ग्रहणाला पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी नायगमवाला सोलापूर भागात जेऊरला तळ देऊन बसले होते. त्यांची गोष्ट खरी असूनही जेऊरला कुणी गाइड ती सांगत नाही.

आता ए१. हे अक्षर आलं अमेरिकेतल्या हार्वर्डहून. तिथे एडवर्ड पिकरिंगच्या वेधशाळेत दुर्बिणीच्या तोंडावर लोलक बसवून फोटो घेत. काचेच्या पट्टीवर प्रत्येक ताऱ्याच्या जागी ठिपक्याऐवजी नखाएवढी रेघारेघांची पट्टी उमटायची. एका काचेवर शेकडो पट्ट्या. त्या बघून वर्गवारी करायला स्त्रिया नेमल्या होत्या, तासाला पाव डॉलरच्या आसपास मजुरीवर. त्यांतल्या विल्यमिना फ्लेमिंग आधी पिकरिंगच्याच घरी मोलकरीण होत्या. १८९०च्या यादीत त्यांनी दहा हजारांवर तारे वर्गांत लावले. हायड्रोजनच्या रेषा सर्वांत ठळक ते ए, त्याहून फिकट ते बी, असं करत अक्षरं पार पुढे गेली.

मग ॲनी जंप कॅनन आल्या. त्यांना ऐकू फार कमी यायचं. नजर मात्र अशी की पुढे सराव झाल्यावर मिनिटाला तीन तारे सांगत. १९०१ साली त्यांनी निम्मी अक्षरं काढून टाकली आणि उरलेल्यांचा क्रम बदलला: ओ, बी, ए, एफ, जी, के, एम. का? कारण हायड्रोजन सोडून बाकी सगळ्या रेषा बघितल्या तर याच क्रमाने एक वर्ग दुसऱ्यात सरकत जात होता. हा क्रम तापमानाचा निघाला. ओ सर्वांत तापलेले निळे, ३० हजार केल्व्हिनच्या वर. एम सर्वांत थंड, तांबडे, साडेतीन हजारांच्या आसपास आणि खाली. प्रत्येक अक्षराचे पुन्हा शून्य ते नऊ असे दहा भाग. १९१८ ते १९२४ या काळात छापलेल्या यादीत कॅननबाईंनी लावलेले २ लाख २५ हजार ३०० तारे आहेत. हा क्रम लक्षात ठेवायला माझ्या वर्गातल्या मुलांनी एक ओळ जुळवली होती: ‘ओळखा बरं, अंधारात फिरताना गगनात काय मांडलंय’. नातवाला शिकवा.

पण एक गोष्ट कुणालाच उमगत नव्हती. हायड्रोजनच्या रेषा सर्वांत ठळक मधल्याच ए वर्गात का? जास्त तापलेल्या ओ-बीमध्ये फिकट, थंड के-एममध्येही फिकट. ओ आणि एम ताऱ्यांत हायड्रोजन कमी आहे का? हे १९२० साली भारतीय भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या समीकरणाने उलगडलं. तुम्हाला ते स्टँडवरच्या भाषेत सांगते, तुम्ही ते माझ्यापेक्षा लवकर समजाल.

हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन हा प्रवासी. प्रकाश ही बस. आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या रंगांच्या ज्या बस आहेत, त्या फक्त दुसऱ्या थांब्यावरच्या प्रवाशाला घेतात. पहिल्या थांब्यावरच्याला घेणाऱ्या गाड्या अतिनील, त्या आपल्याला दिसत नाहीत. आता थंडीतली पहाट. सगळं गाव घरात, पहिल्या थांब्याच्या पुढे कुणी सरकलेलंच नाही. बस दुसऱ्या थांब्यावरून रिकामी जाते. प्रवासी उचललाच नाही, म्हणजे प्रकाश खाल्लाच गेला नाही, काळी रेघ उमटत नाही. हा एम तारा. ऊन चढलं, दुसऱ्या थांब्यावर गर्दी झाली, प्रत्येक बस भरून निघते. रेघ काळीकुट्ट. हा ए तारा, दहा हजार केल्व्हिनच्या जवळपास. आणि जत्रेचा दिवस असेल तर? सगळे गावच सोडून गेलेले, एकाही थांब्यावर कुणी नाही. हा ओ तारा, इथे इलेक्ट्रॉन अणू सोडूनच पळालेले. तिन्ही वेळी गावाची लोकसंख्या तीच. बसमध्ये गर्दी नाही यावरून गावात माणसं नाहीत असं तुम्ही तीस वर्षांत कधी म्हटलंत का?

सूर्याच्या बाबतीत मात्र नेमकी हीच चूक होत होती. त्याच्या वर्णपटात लोखंड आणि कॅल्शियमच्या रेषांची गर्दी, म्हणून तो पृथ्वीसारख्याच द्रव्याचा असं मोठमोठे लोक धरून चालले होते. १९२५ साली पंचवीस वर्षांच्या सिसिलिया पेन हिने साहांचं समीकरण हार्वर्डच्या त्या काचांना लावलं आणि हिशेब काढला: तारे बहुतांशी हायड्रोजन आणि हेलियमचे आहेत. हेन्री नॉरिस रसेल हे त्या काळचं वजनदार नाव. त्यांनी सांगितलं, हे शक्य नाही. बिचारीने आपल्याच प्रबंधात लिहिलं की हा आकडा बहुधा खरा नसावा. चार वर्षांनी रसेल दुसऱ्या वाटेने त्याच उत्तरापाशी पोचले, आणि तिचं नाव घेऊन त्यांनी ते मान्य केलं. मला ही गोष्ट सांगताना दर वेळी थोडा राग येतो. येऊ द्या.

आता घाटातल्या दिव्याकडे परत. दिवा एकच, पण हॉर्न वाजला की लगेच कळतं, ट्रक आहे. वर्णपटातही असा हॉर्न आहे. एकाच तापमानाचे दोन तारे घ्या. एक सूर्यासारखा आटोपशीर, दुसरा फुगलेला राक्षसी. राक्षसी ताऱ्याचं बाहेरचं आवरण इतकं विरळ असतं की अणू एकमेकांना फारसे धक्के देत नाहीत, म्हणून त्याच्या रेषा बारीक आणि रेखीव. आटोपशीर ताऱ्यात दाटी, म्हणून रेषा पसरट. १९४३ साली मॉर्गन, कीनन आणि केलमन यांनी यावरून अक्षरापुढे रोमन आकडा जोडायची पद्धत पक्की केली. रोमन एक म्हणजे महाराक्षसी, रोमन तीन राक्षसी, रोमन पाच आटोपशीर. सूर्य जी२ आणि रोमन पाच, व्याध ए१ आणि रोमन पाच. रोहिणी के५ आणि रोमन तीन, राजन्य बी८ आणि रोमन एक. जात कळली की मूळ तेज किती असणार याचा अंदाज येतो. दिसणारं तेज तुम्ही मोजलेलंच असतं. दोन्हींची वजाबाकी केली की अंतर मिळतं.

म्हणजे नातवाच्या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते ठिपक्यातूनच निघतं. रोहिणीचं करू. रंगावरून तिचं तापमान ३,९००च्या आसपास, सूर्याचं ५,८००. तापलेल्या पृष्ठभागाचा प्रकाश तापमानाच्या चौथ्या घाताने बदलतो, म्हणून रोहिणीचा हातभर पृष्ठभाग सूर्याच्या हातभर पृष्ठभागाच्या पाचव्या हिश्शाएवढाच उजेड देतो. तरी तिचा एकूण प्रकाश सूर्याच्या चारशे पटींवर. पाचव्या हिश्शाने चारशे पट गाठायचे तर पृष्ठभाग दोन हजार पट हवा, आणि पृष्ठभाग दोन हजार पट म्हणजे व्यास ४५ पटींच्या जवळपास. त्याला सांगा, रोहिणीच्या पोटावर ४५ सूर्य ओळीने मावतात. आणि काक्षी सूर्याच्या जागी ठेवला तर मंगळाची कक्षासुद्धा त्याच्या पोटात जाईल.

आता करायचं काय, ते सांगते. या थंडीत जेवणं झाल्यावर गच्चीवर जा आणि दुर्बिणीची नजर मुद्दाम किंचित बिघडवा. ठिपका पसरून छोटी चकती झाली की रंग उठून दिसतो. राजन्य, व्याध, ब्रह्महृदय, रोहिणी आणि काक्षी एकामागून एक असे बघा. अक्षरांचा क्रम रंगांत दिसेल. पावसाळा सरल्यावर, पुढच्या दिवाळीच्या सुमारास, संध्याकाळी पश्चिमेला हंसाच्या चोचीचा तारा धरा. नुसत्या डोळ्यांना एक, तुमच्या दुर्बिणीत दोन: एक सोनेरी, के वर्गाचा, दुसरा निळसर, बी वर्गाचा. शनीला जमलेले शेजारी पुन्हा येतील.

नेत्रिकेऐवजी मिलिमीटरला शंभर रेषांची विवर्तन जाळी, म्हणजे लोलकासारखे रंग सुटे करणारी काच, घ्या, ती नेत्रिकेच्या आट्यांत फिल्टरसारखी बसते. ताऱ्याच्या बाजूला रंगीत धागा उमटेल. पहिल्यांदा काक्षीवर लावा. टायटॅनियम ऑक्साइडचे गडद पट्टे एम वर्गात असे ठळक असतात की धागा ठिकठिकाणी तुटल्यासारखा दिसतो. व्याधाच्या हायड्रोजन रेषांना जरा सराव लागतो, धीर धरा. घरातली जुनी सीडीही चालते. तिच्यावर मिलिमीटरला ६२५ वळसे असतात. बुटांच्या खोक्याला ब्लेडने बारीक फट पाडून तिच्यातून येणारा उजेड सीडीवर घ्या. ट्यूबलाइटचे सुटे पट्टे आणि एलईडीचा सलग पट्टा नातू स्वतः ओळखेल. दिवसा हेच खोकं पांढऱ्या भिंतीकडे किंवा ढगाकडे करा. सूर्याकडे नाही. दुर्बीण तर सूर्याकडे चुकूनही वळवू नका, आणि नातू एकटा गच्चीवर असताना ती उघडी ठेवू नका. एवढं मात्र माझं फर्मान समजा.

पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४पासून आहे. हौशी लोकांची, देशातली सर्वांत जुनी. एखाद्या अमावास्येला त्यांच्याबरोबर जा. दोन तासांत तुम्ही तिथे जे शिकाल, ते मला दहा पत्रांत सांगता येणार नाही.

आणि वहिनींसाठी एक काम आहे. काक्षीचं तेज कमीजास्त होतं. २०२०च्या जानेवारीत मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला. मृगाच्या चार पायांतला, काक्षीच्या शेजारचा पाय एरवी त्याच्यापुढे फिका दिसतो, तो आता त्याच्या तोडीला आला होता. चष्मा ठीक होता. काक्षीच अर्ध्या प्रतीवरून १.६पर्यंत उतरला होता. त्याने बाहेर टाकलेल्या धुळीने त्याच्याच चेहऱ्यावर पडदा धरला होता. असं काही पुन्हा झालं तर पहिल्यांदा डोळ्यांनाच कळतं, त्याला दुर्बीण लागत नाही. आठवड्यातून एकदा तुम्ही आणि वहिनी काक्षीची तुलना प्रश्वा (प्रत ०.४) आणि रोहिणी (प्रत ०.९) यांच्याशी करा. दोघांच्या मधे कुठे बसतो, ते आकड्यात लिहा. एकमेकांना न सांगता, वेगवेगळ्या कागदांवर, तारीख आणि वेळ घालून. तांबड्या ताऱ्याकडे टक लावून पाहिलं की तो उगाच ठळक वाटायला लागतो, म्हणून झटकन बघून नजर हलवायची. मार्चअखेर दोन्ही कागद मला पाठवा. आणि वॉटरप्रूफिंग पावसाळ्याआधी करून घ्या, वेधशाळा गळून चालणार नाही.